मॉर्निंग ग्लोरी लावायच्या आधी काय काय तयार ठेवायचं

मेच्या शेवटी शेवटी ही सगळी तयारी करून टाका, कारण पाऊस सुरू झाला आणि बी उगवलं की ही वेल कुणासाठी थांबत नाही, आपण सुतळी आणेपर्यंत शेजारच्या कुंडीतल्या मिरचीच्या गळ्यात पडलेली असते.

आधी जागा बघा. पाच-सहा तास तरी थेट ऊन हवंच, नाहीतर नुसती पानं येतात. शिवाय जागा अशी निवडा की सकाळी चहा घेताना समोर दिसेल, फुलं पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात, संध्याकाळी ऑफिसातून येऊन काहीच दिसत नाही.

कुंडी बारा इंची, खाली भोकं मोकळी आहेत ना ते बघून घ्या, आणि ती कायमच्या जागी ठेवूनच बी टाका. पिशवीत रोप करून मग हलवायचं हे हिला मानवत नाही, मुळं दुखावतात. साधी माती, थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि मूठभर गांडूळखत, बास. युरिया तर नकोच, नायट्रोजन जास्त झालं की वेल हिरवीगार होते पण कळी धरत नाही.

आता आधार, यात कंजूषी करू नका. हिला गोकर्णासारखंच गुंडाळत वर जायचं असतं, त्यामुळे सुतळी, काथ्या, खिडकीचं बारीक ग्रिल असं काहीतरी हवं, गुळगुळीत भिंत किंवा जाड पाइप हिच्या काही कामाचा नाही. सुतळी कुंडीपासून वरच्या गजापर्यंत ताणून बांधा, आठ-दहा फूट सहज चढते. आणि शेंडा हाताने गुंडाळणार असाल तर वरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, तीच तिची दिशा, उलटं गुंडाळलं तर ती आपलं आपण सोडवून घेते.

बी काळं, कडक, संत्र्याच्या फोडीसारखं. पाठीच्या गोल बाजूला सँडपेपरने किंवा नेलकटरने जरासा ओरखडा काढायचा, टोकाकडचा डोळा मात्र सांभाळा, मग रात्रभर पाण्यात. सकाळी टम्म फुगलेलं दिसेल ते पेरा, जे फुगलं नाही त्याला परत घासून भिजवा. एक-दीड सेंटीमीटर खोल, कुंडीत चार-पाच, पुढे दोन जोमदार ठेवून बाकीची काढा. आठवडाभरात दोन टोकांची पानं दिसतात.

हेवनली ब्लू या निळ्या फुलांच्या जातीचं बी मिळालं तर नक्की घ्या, कळी जांभळट-गुलाबी असते आणि उमलताना निळी होते, कारण पाकळीतल्या रसाचा पीएच 6.6 वरून 7.7 पर्यंत चढतो, एकदा पहाटे उठून बघाच! आणि निळं नाही मिळालं तर गणेशवेल लावा, तीही याच कुळातली, फुलं लालभडक आणि तयारी अगदी हीच.

मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, येतोच, निंबोळी तेल आणून ठेवा.

घरात लहान मुलं किंवा मांजर-कुत्रं असेल तर बियांचा डबा वरच्या फळीवर, झाकण घट्ट, या बिया विषारी असतात. बोंडं तपकिरी झाली की लगेच कागदी पाकिटात काढा, उशीर केला तर ती फुटून पुढच्या पावसाळ्यात सगळ्या कुंड्यांमधून हीच उपटत बसावी लागते.