९२.५ चांदी मऊ कशी करायची आणि परत कडक कशी करायची

हुपरीचं पैंजण असो नाहीतर कोल्हापूरच्या गुजरीतली अंगठी, ९२.५ च्या चांदीबद्दल, म्हणजे ९२.५ टक्के चांदी आणि बाकी तांबं असलेल्या मालाबद्दल, एक तक्रार कायम ऐकू येते, लई लवकर वाकते. मग कुणी तांबं वाढवतं आणि कस घालवून बसतं. त्याची गरज नाही हो, कडकपणा त्याच चांदीत आहे, फक्त आतले अणू कसे वागतात ते ओळखून ताव द्यायचा.

आत काय चाललेलं असतं बघा. तांबं वजनानं ७.५ टक्के असलं तरी त्याचा अणू हलका, म्हणून मोजायला गेलं तर आठातला एक अणू तांब्याचा निघतो. तो चांदीच्या अणूपेक्षा साधारण ११ टक्क्यांनी लहान, आणि दोघांचं एकमेकांशी नीट जमत नाही, चांदी-तांबं बंध हा चांदी-चांदी आणि तांबं-तांबं यांच्या सरासरीपेक्षा कमकुवत पडतो. तापमान जास्त असलं की अणूंची हालचाल इतकी वाढते की नाइलाजानं मिसळून राहतात, ७७९ अंशाला चांदीत ८.८ टक्के तांबं मावतं, पण थंड होताना ही जागा कमी कमी होत एक टक्क्याच्याही खाली येते आणि जास्तीचं तांबं वेगळं व्हायला लागतं. हाच तो फेज बदल, म्हणजे एकजीव मिश्रणाचे दोन वेगळे भाग पडणं, सगळा खेळ याचाच.

मऊ करायचं असेल तर दागिना ७४५ अंशाच्या आसपास न्या, १५-२० मिनिटं ठेवा आणि लगेच पाण्यात टाका. तांब्याला वेगळं व्हायला वेळच मिळत नाही. ७७९ च्या वर अजिबात जाऊ नका, ओतीव मालात तिथंच वितळायला सुरुवात होते. डाग दिलेला, म्हणजे सोल्डरनं जोडलेला नग असेल तर ही पायरी सोडा, कारण हा जोड याच तापमानाला सुटू शकतो. भट्टीत टाकणखार (बोरॅक्स) लावून ठेवा, नाहीतर तांबं जळून काळपट जांभळे डाग येतात, आणि गरम नग थेट तेजाबात (ॲसिडमध्ये) कधीच बुडवू नका.

आता घडाई पूर्ण करून घ्या, मग कडक करायचं. ३०० अंशाला तासभर, कंट्रोलर असलेल्या ओव्हनमध्येच, फुकणीवर हे जमत नाही. एवढ्या उष्णतेत तांब्याचे अणू थोडेच सरकतात आणि बारीक बारीक पुंजके करतात, जे चांदीचे थर घसरू देत नाहीत. ४०० च्या वर नेलं की पुंजके मोठे होऊन विरळ पडतात आणि चांदी परत मऊ होते, म्हणून घाई नको. खडे बसवायचे ते या सगळ्यानंतरच.

सोन्या-तांब्याचं मात्र उलटं आहे. त्यांचे अणू एकमेकांनाच शेजारी मागतात, म्हणून नुसत्या तांब्याच्या १८ कॅरेट लाल सोन्यात, जिथं दोघांचे अणू जवळपास निम्मे-निम्मे पडतात, ४१० अंशाच्या खाली सोन्याचा थर, तांब्याचा थर अशी रचना लागते. हळू गार केलं तर तार ओढताना तडकते. तिथंही लालभडक असतानाच पाणी द्यायचं, आणि त्यानंतरच तार जंतरावर, म्हणजे तार ओढायच्या भोकांच्या पट्टीवर घ्यायची.