दाजीपूर, चांदोलीला राहायचंय? आधी गेट बघा, मग खोली

कोल्हापूरातनं जंगल बघायला जायचं म्हटलं की दोन नावं पहिल्यांदा तोंडात येतात, दाजीपूर आणि चांदोली. चांदोली हे राष्ट्रीय उद्यान, १९८५ ला अभयारण्य झालं आणि २००४ ला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आता ते कोयनेबरोबर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. दाजीपूर म्हणजे राधानगरी अभयारण्य, १९५८ पासूनचं, गव्यांचं. दोन्ही डोंगरात, दोन्हीकडं पाऊस लई, आणि दोन्हीकडं गेल्या काही वर्षांत लॉज, होम स्टे, टेंट असं सगळं वाढलंय. त्यामुळं आता प्रश्न खोली मिळते का हा नाही, स्वस्तातली खोली नेमकी कुठली घ्यायची हा आहे.

बहुतेक जण काय करतात, मोबाईल काढतात, राधानगरी टाकतात, दर कमी ते जास्त असं लावतात आणि पहिल्या दोन-तीनातनं फोटो बघून एक बुक करतात. जंगलाला जाताना हे उलटं करायला पाहिजे. जंगलात जनावर दिसतं ते सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी, दुपारी गवा पण सावलीला असतो. म्हणजे तुमच्या सगळ्या ट्रिपची किंमत त्या सकाळच्या दोन-तीन तासांत आहे, आणि हॉटेल असं पाहिजे की गेट उघडायच्या वेळेला तुम्ही तिथं उभे असाल. खोली छोटी असली, टीव्ही नसला, तरी चालतंय. गेट लांब असलं तर चालत नाही.

आता दाजीपूरचंच घ्या. कोल्हापूरातनं राधानगरी गाव साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटर आणि दाजीपूर ऐंशीच्या आसपास, म्हणजे राधानगरीत राहिलात तरी पहाटे उठून पुढं पंचवीस-तीस किलोमीटर वळणाचा रस्ता आहेच. राधानगरीत राहणं वाईट नाही, तिथं दुकानं आहेत, एटीएम आहे, दवाखाना आहे, बारकी पोरं किंवा म्हातारी माणसं बरोबर असली तर मी तर राधानगरीच सांगेन. पण फक्त जंगलासाठी चाललाय, तरणी चार माणसं आहात, तर हसणे, दाजीपूर या वरच्या बाजूला घरगुती सोय बघा, थोडी गैरसोय सोसा. आणि अंधारात त्या रस्त्यानं गाडी पळवायची नाही, गवे रस्त्यावर येतात आणि काळं जनावर काळ्या रात्री हेडलाईटमध्ये एकदम जवळ आल्यावरच दिसतं. म्हणून पोचायचं ते दिवस मावळायच्या आत, हे धरूनच बुकिंग करा. कामावरनं सुटून रात्री दहाला पोचणार असाल तर पहिली रात्र खाली राधानगरीत काढलेली बरी.

चांदोलीला वेगळी भानगड आहे. तिकडं वारणा नदी म्हणजे कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्याची हद्द. पर्यटकांचं गेट मणदूर, वारणावतीच्या बाजूला, म्हणजे शिराळा तालुक्यात. आणि बरीच राहायची ठिकाणं ‘चांदोलीजवळ’ असं लिहून शाहूवाडी तालुक्यात, नदीच्या अलीकडं असतात. नकाशात बघितलं तर बोटाच्या पेरावर वाटतंय, पण मधी नदी नाहीतर धरणाचं पाणी, पूल कुठं आहे तिथनं वळसा घालून जायचं. ॲपमध्ये जे ‘उद्यानापासून इतके किलोमीटर’ लिहिलेलं असतं ते पुष्कळदा सरळ रेषेतलं असतं, आपण पाखरू नाही. तेव्हा हॉटेलचं लोकेशन आणि गेटचं लोकेशन टाकून गाडीचा रस्ता काढा आणि किलोमीटर नाही तर वेळ बघा. त्या वेळेत घाटाचे आणि धुक्याचे म्हणून पंधरा-वीस मिनिटं वाढवा. शाहूवाडीची बाजू सुंदर आहे, उखळू, उदगिरी सगळं देखणं आहे, तिकडंच फिरायचं असेल तर तिकडंच राहा. पण सकाळी मणदूरच्या गेटवर जायचं असेल तर आरळा, मणदूर, वारणावती या पट्ट्यातच बघा.

पैशाचा हिशोब पण करून बघा. समजा लांबची खोली १२०० ला आणि जवळची १६०० ला. लांबच्या खोलीमुळं दिवसाला ६० किलोमीटर जादा फिरायला लागलं आणि गाडी लिटरला १५ देत असली तर ४ लिटर पेट्रोल गेलं, म्हणजे वाचवलेले चारशे तिथंच संपले, झोप गेली ती वेगळी.

बुकिंगच्या आधी अजून एक, जंगल उघडं आहे का हे विचारा. ऐकायला साधं वाटतंय पण पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांना बंद असतं आणि हॉटेलं मात्र चालूच असतात, खोली कुणीही आनंदानं देणार. पावसात राधानगरीला जायला दुसरी कारणं आहेत, राऊतवाडीचा धबधबा आहे, धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की अख्खं कोल्हापूर तिकडं, आणि त्या शनिवार-रविवारी दर पण वर जातात. मेच्या शेवटाला आणि जूनच्या सुरवातीला काजवे असतात, तेव्हा तर खोलीच मिळत नाही. स्वस्तात आणि शांतपणी जंगल बघायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारीतला मधला वार धरा, मंगळवार, बुधवार असला. फक्त आठवड्याची सुट्टी असते का, त्या दिवशी गेट चालू आहे का, हे वनखात्याच्या ऑफिसलाच फोन करून विचारा, हॉटेलवाल्याच्या शब्दावर जाऊ नका.

मग हॉटेलला फोन. ॲपवरनं बुक करणार असाल तरी आधी एक फोन कराच, पाच मिनिटांच्या बोलण्यात जे कळतं ते शंभर फोटोत कळत नाही. मी सरळ असं विचारते, ‘‘दादा, तुमच्यापासनं गेट किती मिनिटांवर? सकाळी सहाच्या आधी निघायचंय, चहा मिळंल का? गरम पाणी कसलं, सोलर का गिझर का बंब? लाईट गेली तर इन्व्हर्टर कशाकशाला चालतो?’’ जो माणूस रोज पाहुण्यांना जंगलात पाठवतो तो लगेच सांगतो, ‘‘ताई, पंधरा मिनिटं लागतील, पाचला चहा करून देतो, पोहे डब्यात बांधून देतो.’’ आणि जो नुसता ‘या की, सगळं हाय, काय काळजी करू नका’ एवढंच म्हणत राहतो त्याच्याकडं काहीच ठरलेलं नसतं. सगळं हाय म्हणजे काय काय हाय ते एकेक विचारून घ्या, लाजायचं काय त्यात.

सोलरचं पाणी उन्हाळ्यात झकास, ढगाळ दिवसात नुसतं कोमट, आणि थंडीत आदल्या दिवशीचं पाणी पहिले दोन जण संपवतात. बंब असला तर मला तरी बरा वाटतो, पाणी कडक मिळतं, फक्त कुणीतरी पहाटे तो पेटवायला पाहिजे, ते ठरवून घ्यायचं.

दराचं बोलताना ‘खोलीचा की माणशी’ हे पहिलं. डोंगरातल्या घरगुती ठिकाणी पुष्कळदा माणशी दर असतो, दोन वेळचं जेवण आणि नाष्टा धरून, आणि चार माणसांना तोच स्वस्त पडतो. लॉजमध्ये खोलीचा दर, मग जादा गादीचे वेगळे, पोरांचे वेगळे, ड्रायव्हरच्या झोपण्याचं कुणी बोलतच नाही. चेकआऊट दुपारी बाराचा की चोवीस तासांचा हे पण विचारा, कारण सकाळच्या फेरीतनं परत यायलाच अकरा वाजतात आणि मग आंघोळ, जेवण न करता बॅगा उचलायला लागतात. जीएसटीचं म्हणाल तर साडेसात हजारापर्यंतच्या खोलीला २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे, आधी १२ टक्के होता, तेव्हा जुन्या हिशोबानं कुणी लावला तर विचारा. आणि ज्याच्याकडं जीएसटी नंबरच नाही त्यानं बिलात जीएसटी लावायचा प्रश्नच येत नाही.

पोचल्यावर पैसे द्यायच्या आधी खोली बघायची. आपल्या डोंगरात खोलीचा खरा शत्रू ओल. चार महिने कोसळणारा पाऊस भिंतीत मुरतो, वरनं रंग मारला तरी वास जात नाही. खोलीत शिरल्या शिरल्या दार लोटून घ्या आणि एक मोठा श्वास घ्या, कुबट वास आला की समजायचं. मग कॉटच्या मागची भिंत बघा, उशीच्या उंचीला हात लावा, हाताला गार, चिकट लागली किंवा चुना हाताला आला तर दुसरी खोली मागा, दमा असलेल्या माणसाला तर तिथं झोपवूच नका. गादीची चादर एका कोपऱ्याला उचलून खालची शिवण बघा, बारके काळे ठिपके दिसले तर ढेकूण. पांघरूण म्हणून काय दिलंय ते बघा, थंडीत एक पातळ चादर आणि एक जुना रग यावर रात्र निघत नाही. घरनं एक वाकळ गाडीत टाकलेली कधीही चांगली, डोंगरातल्या थंडीला वाकळीसारखं काही नाही. खिडकीला जाळी आहे का, दाराखाली किती फट आहे हे पण बघा, जंगलाच्या कडेला विंचू, साप येणारच, फट मोठी असली तर जुनं पोतं किंवा टॉवेल लावून घ्यायचा आणि सकाळी बूट झटकूनच घालायचे.

बाथरूमचं एक मी जरा ठासून सांगते. स्वस्तातल्या हॉटेलात गॅसचा गिझर असतो आणि तो पुष्कळ ठिकाणी बाथरूमच्या आतच बसवलेला असतो. बाथरूम छोटं, झरोका नाही किंवा थंडी म्हणून तो पुठ्ठा लावून बंद केलेला, आत गॅस जळतोय. त्यातनं कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस आंघोळ करता करता चक्कर येऊन पडतो आणि बाहेर कुणाला कळतही नाही. गिझर आणि सिलिंडर बाहेर, आत नुसता नळ, अशीच सोय पाहिजे. तसं नसेल तर पाणी बादलीत काढून घ्या, गिझर बंद करा आणि मग दार लावून आंघोळ करा. तसंच शेगडीचं. थंडी वाजते म्हणून निखाऱ्याची शेगडी खोलीत घेऊन दारं-खिडक्या लावून झोपायचं नाही, हॉटेलवाल्यानं प्रेमानं आणून दिली तरी नाही. बाहेर अंगणात बसा शेकत, झोपताना ती बाहेरच राहू दे.

खोली झाली की हॉटेलच्या मागं एक चक्कर मारा. खरकटं कुठं टाकतात हे बघायला. मागच्या ओढ्यात उष्टं, प्लास्टिक, कोंबडीची पिसं पडलेली दिसली तर तिथं रानडुकरं येणार, कुत्री येणार, आणि कुत्र्याच्या मागावर बिबट्या पण येतो. हे तुमच्यासाठी धोक्याचं आणि त्या जनावरांसाठी तर जास्तच वाईट, सवय लागली की ते गावात घुसतं आणि मग त्यालाच हाकलतात. अशा ठिकाणी दोनशे रुपये वाचतात म्हणून राहू नये असं मला मनापासून वाटतं. तेच डीजेचं आणि रात्रभर जळणाऱ्या हॅलोजनचं. काजवे एकमेकांना उजेडानंच खुणावतात, नर चमकतो, मादी उत्तर देते, आणि तिथंच कुणी फ्लड लाईट लावून ठेवला तर त्यांची जोडी जमायची कशी? फोनवर विचारा, ‘रात्री स्पीकर असतो का?’ तो अभिमानानं ‘हो, फुल्ल एन्जॉय’ म्हणाला तर फोन ठेवा.

जेवणाची काळजी आपल्या भागात करायला लागत नाही, पण आधी सांगायला लागतं. वाड्या-वस्त्यांवर फ्रीज भरून चिकन नसतं, दुपारपर्यंत सांगितलं तर संध्याकाळी गावरान कोंबडा आणि तांदळाची भाकरी मिळते, रात्री आठला जाऊन मेन्यू मागितला तर मॅगी. ताटाचा दर आधी विचारायचा, रस्सा-भाकरी वाढीव आहे का मोजून आहे ते पण. बायका-बायका चालला असाल तर जिथं घरची मंडळी तिथंच राहतात, स्वयंपाक घरातली काकी करते, असं ठिकाण धरा, आणि दाराला आतनं धड कडी आहे का ते बघूनच सामान ठेवा. म्हाताऱ्या माणसांसाठी कमोड आहे का आणि खोली तळमजल्यावर आहे का, एवढं विचारलं तरी पुरे.

सफारीची गाडी हॉटेलवाला ठरवून देतो म्हणाला तर चांगलंच, पण गाडीचे किती, गाईडचे किती, प्रवेश फीचे किती, हे सुटं सुटं विचारा आणि वनखात्याच्या पैशांची पावती घ्या. गाईड गावातलाच पोरगा असला तर त्याला जरूर घ्या, जंगल त्याला दिसतं तसं आपल्याला दिसत नाही.

लांबच्या डोंगरात जाणार असाल तरी बघायचं हेच. मुन्नारला गेलात तर एराविकुलम राष्ट्रीय उद्यान साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये बंद ठेवतात, निलगिरी ताहर म्हणजे तिथल्या डोंगरी रानबकऱ्यांच्या विणीचा काळ असतो, तेव्हा मुन्नारची खोली कितीही स्वस्त मिळाली तरी उद्यान दिसणार नाही. हिमाचलात ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमध्ये गाडी आत जातच नाही, चालतच जायचं, तर तिथं मनालीत राहून काही उपयोग नाही, तीर्थन खोऱ्यात गुशैनीच्या बाजूला घरगुती ठिकाण बघायला लागतं.

ॲडव्हान्स देताना सगळे पैसे एकदम पाठवू नका, थोडे पाठवा आणि तारीख, माणसं, दर, जेवण, गरम पाणी असं सगळं व्हॉट्सॲपवर एका मेसेजमध्ये लिहून ‘बरोबर आहे ना?’ विचारा, त्याचं ‘हो’ आलं की तेच तुमचं बिल. पावसानं किंवा वनखात्यानं अचानक गेट बंद केलं तर पैसे परत की तारीख पुढं, हे पण त्याच मेसेजमध्ये टाका. आणि तो मेसेज स्क्रीनशॉट काढून ठेवा, दाजीपूरच्या बाजूला वर गेलात की नेटवर्क गेलं, रोख पैसे पण राधानगरीतनंच काढून घ्या आणि पेट्रोल तिथंच टाका.