कोंबड्यांमागे धावणारा कुत्रा, खांब ओरबाडणारं मांजर: कोकणातल्या घरात काय करावं

खळ्यात कोंबड्या सुटल्या की कुत्रा दोरी तोडायला बघतो. मांजर पडवीचा खांब ओरबाडतं आणि अर्धमेला उंदीर थेट माजघरात आणून टाकतं. घरातले ओरडतात, क्वचित काठीही उचलतात. यातलं काहीच ओरडून थांबत नाही, कारण हा खोडकरपणा नाही. कुत्रा लांडग्याच्या वंशातला आहे आणि निदान चौदा-पंधरा हजार वर्षं माणसाच्या सोबतीने राहतो आहे. मांजराचा पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं, ते सुमारे 9,500 वर्षांपूर्वीचं. एवढा काळ लोटला तरी मांजर आतून फारसं बदललेलं नाही. म्हणून खोड मोडायच्या मागे लागू नका. ती कुठल्या रानटी कामाचा तुकडा आहे ते आधी ओळखा आणि त्या कामाला घरात जागा आणि वेळ ठरवून द्या.

कोंबड्यांचा पाठलाग

कुत्र्याची शिकार टप्प्याटप्प्याने होते: नजर रोखणं, दबा, पाठलाग, पकडणं, झटकून मारणं, फाडणं, खाणं. माणसाने जाती घडवताना यातले काही टप्पे वाढवले, काही दाबले. मेंढपाळी कुत्र्यात दबा आणि पाठलाग जोरात असतो पण चावा कमी. लॅब्रॅडॉर तोंडात धरून आणतो. आपल्या गावठी कुत्र्यात ही टप्प्यांची साखळी बहुतेक पूर्ण असते. मुख्य गोष्ट ही की प्रत्येक टप्प्याची मजा वेगळी आहे आणि तिचा भुकेशी संबंध नाही. पोट भरलेला कुत्राही धावतो, आणि एकदा कोंबडीमागे धावायला मिळालं की ते धावणंच त्याचं बक्षीस होतं. म्हणून शिकवण्याच्या काळात त्याला एकदाही मोकळा पाठलाग मिळता कामा नये. सगळी मेहनत इथेच वाया जाते.

लागणारं साहित्य थोडं आहे: छातीचा पट्टा, आठ-दहा मीटर मऊ दोरी आणि वाटाण्याएवढे उकडलेल्या चिकनचे तुकडे. गळपट्ट्याला लांब दोरी बांधू नका, झेप घेतल्यावर मानेला हिसका बसतो. कोंबड्या दाणे टिपत शांत असतील अशी वेळ निवडा, शक्यतो कुत्र्याचं फिरणं झाल्यावर. जिथून त्याला कोंबड्या दिसतात पण तो ताणत नाही असं अंतर शोधा. बहुतेकांच्या बाबतीत ते दहा-पंधरा मीटर भरतं. त्याने कोंबडीकडे पाहिलं की लगेच हलकेच नाव घ्या. तुमच्याकडे वळला की तुकडा द्या. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, बस. दहापैकी आठ वेळा स्वतःहून वळायला लागला की एक मीटर पुढे सरका. तुकडा दिसत असूनही खात नसेल, कान पुढे आणि शरीर ताठ असेल, तर तुम्ही फार जवळ आलात. मागे जा.

धीट कोंबडा मध्येच धावला की सगळं बिघडतं, कारण पाठलाग जागा होतो तो पळणाऱ्या वस्तूमुळे. त्याच कारणाने मेलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात बांधायचा जुना उपाय लागू पडत नाही. ती पळतच नाही, मग तिच्यापासून कुत्रा शिकणार काय? उलट कुजक्या मांसाने त्याला आजार होऊ शकतो. मारलं तर तो एवढंच शिकतो की तुम्ही समोर असताना धावायचं नाही. शिकवून झालेल्या कुत्र्यालाही पिल्लं काढलेल्या कोंबडीसोबत एकटं सोडू नका. मध्ये जाळी हवीच.

पाठलागाची भूक दुसरीकडे भागवा. जुनं गोणपाट सैल गुंडाळून त्यात रोजच्या जेवणातला थोडा भाग लपवा आणि त्याला नाकाने शोधू द्या. दहा मिनिटांच्या हुंगण्याने कुत्रा चांगला दमतो. पण खाणं पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या वाळक्या पानांत, विखरू नका. त्या ढिगात फुरसं असू शकतं.

मांजराची शिकार आणि जेवण

एका उंदरातून साधारण 30 कॅलरी मिळतात आणि चार किलोच्या मांजराला दिवसाला 200 ते 250 लागतात. म्हणजे रानात सात-आठ यशस्वी शिकारी, आणि फसलेल्या त्याहून जास्त. त्यामुळेच मांजर थोडं खातं, निघून जातं, पुन्हा येतं. दोन मोठ्या वेळांऐवजी चार-पाच लहान वाट्या द्या. पहाटेची धावपळ कमी करायची असेल तर झोपण्यापूर्वी शिकार खेळवा: मीटरभर बांबूच्या काठीला दोरा, दोऱ्याला कोंबडीचं पीस. पीस मांजरापासून दूर, आडोशामागे सरपटत न्या. तोंडासमोर नाचवलं तर मांजर बघत बसतं, कारण कुठलंच भक्ष्य स्वतःहून तोंडाशी येत नाही. दहा-पंधरा मिनिटांत तीन-चार वेळा पकडू द्या, शेवटची पकड झाली की जेवण वाढा. खाणं, अंग चाटणं, झोप हा क्रम मग आपोआप येतो. भिंतीवर टॉर्चचा ठिपका नाचवू नका. तो कधीच हाती लागत नाही आणि काही मांजरं त्याने अस्वस्थ होतात. खेळून झालं की दोरा कपाटात ठेवा. गिळलेला दोरा आतडं कापतो.

नुसत्या भात-माशावर मांजर नीट जगत नाही. त्याला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं आणि ते भातात नसतं. कोंबडीचं काळीज, मांस, अंडं आलटून पालटून द्या, नाहीतर मांजराचं म्हणून मिळणारं पूर्ण खाद्य. काही कच्च्या माशांत बी-1 जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं आणि रोज तेच दिलं तर मांजर लडखडतं, मान खाली वाकते. उकडल्यावर ते द्रव्य निकामी होतं. म्हणून मासा उकडून, काटे काढून, मिठाशिवाय द्या. खारवलेली सुकी मासळी नकोच. ती खळ्यात वाळत घातली की मांजर जाणार, आणि शिक्षेने ते फार तर तुमची पाठ वळण्याची वाट बघेल. वर जुनं जाळं ताणून बांधा, मासळीपासून फूटभर उंच. घरात शिंकाळं अजूनही सर्वांत खात्रीचं, मात्र त्याच्याजवळ उडी मारायला फळी किंवा पेटारा नसावा.

उंदीर घरात आणतं ते भेट म्हणून नव्हे. सुरक्षित वाटणाऱ्या जागी ते शिकार आणतं. ओरडू नका, उंदीर हातमोजे घालून किंवा फावड्याने उचला. कणगीजवळ किंवा शेतात उंदरांचं विष ठेवलं असेल तर मांजर त्या दिवसांत बाहेर सोडू नका. विष खाल्लेला उंदीर मांजरालाही मारू शकतो.

ओरबाडणं

नखांची जुनी साल काढणं, पाठ ताणणं आणि पंजातल्या ग्रंथींचा वास ठेवणं अशी तीन कामं एका ओरबाडण्यात होतात. म्हणून जागा दर्शनी लागते, कोपऱ्यातला खांब मांजर वापरत नाही. ज्या खांबाला ते नखं लावतं त्यालाच काथ्याची दोरी गुंडाळणं हा उत्तम मार्ग. खांब 10 सेंटिमीटर जाड आणि दोरी 1 सेंटिमीटर असेल तर जमिनीपासून 15 ते 85 सेंटिमीटर उंचीपर्यंत सत्तर वेढे बसतात आणि सुमारे 25 मीटर दोरी लागते. खालच्या टोकाला खिळा ठोका, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर दाबत वर चढा, खिळ्याचं डोकं बाहेर राहू देऊ नका. सैल वेढ्यात नख अडकलं की मांजर तो खांब सोडतं. पावसाचे शिंतोडे लागणाऱ्या बाजूला काथ्याला बुरशी धरते. तिथे दर पावसाळ्यानंतर दोरी बदला.

शी-शू पुरणं हाही वास लपवण्याचा जुना गुण. घमेलं मांजराच्या लांबीच्या दीडपट, त्यात सहा-सात सेंटिमीटर बारीक नदीची रेती, आणि मांजरं जितकी त्याहून एक घमेलं जास्त. शी रोज उचला. तिच्यात टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी असला तर त्याची लागण होण्याजोगी व्हायला तिला एक ते पाच दिवस लागतात, तेवढा वेळच देऊ नका. घरात गरोदर बाई असेल तर हे काम दुसऱ्याने करावं. बोका उभा राहून भिंतीवर फवारा मारत असेल तर ती हद्दीची खूण आहे. सहा महिन्यांच्या आसपास नसबंदी केली तर बहुतेक बोके ती सोडतात. डाग फिनेलने पुसू नका, मांजराला ते विषारी आहे. फरशीवर व्हिनेगर आणि पाणी समभाग. सारवलेल्या जमिनीत वास मुरतो, तिथे तेवढा पापुद्रा खरवडून, उन्हात वाळू देऊन पुन्हा सारवावं लागतं.

खणणं आणि गुहा

मे महिन्यात कुत्रा माडाच्या आळ्यात खड्डा करतो तो गारव्यासाठी. सावलीत मीटरभर लांब-रुंद जागा भुसभुशीत करून ओली ठेवा, पहिले काही दिवस तिथे हाड पुरा, आळ्यावर जांभ्याचे तुकडे पसरा. गणपतीत घर माणसांनी भरतं आणि फटाके वाजतात तेव्हा तोच कुत्रा खाटेखाली शिरतो. त्याला ओढून बाहेर काढू नका, चावतो. पंधरा दिवस आधीच माजघरात, रस्त्यापासून लांब, खाटेवरून गोधडी सोडून अंधारी जागा करा. उभं राहून वळता येईल एवढी. जेवण तिथेच द्या, आणि आत असताना पोरांनी हात घालायचा नाही हे आधी पोरांना शिकवा. खाताना गुरगुरणं हा इशारा आहे. तो दाबला तर कुत्रा पुढच्या वेळी न गुरगुरता चावेल. ताट ओढण्याऐवजी लांबून त्याहून चांगला तुकडा टाका आणि तो सरकल्यावर ताट उचला.

रात्री मात्र दाराबाहेर बांधलेला कुत्रा बिबट्याला सोपा पडतो. दिवेलागणीला आत घ्या.

पावसाळा, साप आणि किनारा

कुत्रा नाकाने शोधतो म्हणून त्याला सापाचा चावा बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर बसतो. सूज, लाळ, रक्त न थांबणं ही घोणस किंवा फुरश्याची लक्षणं. मागचे पाय लुळे, पापण्या जड ही नाग-मण्यारीची. पट्टा काढा, उचलून न्या, चालवू नका. काप, आवळपट्टी, पाला काहीच करू नका. निघतानाच डॉक्टरांना फोन करून प्रतिविष आहे का विचारा. चारही सापांवर एकच चालतं. किनाऱ्यावर वाहून आलेला केंड (अंग फुगवणारा) मासा कुत्र्याला हुंगूही देऊ नका, त्याच्या विषाने श्वास बंद पडतो.

सवय एकाएकी बदलली तर मात्र तिथे रानटी गुण शोधत बसू नका. बोका वारंवार बसतो आणि लघवी थेंबभरही होत नाही, तर मूत्रमार्ग अडला आहे. त्याच दिवशी डॉक्टर हवा. ते टाळण्यासाठी कोरड्या प्रदेशातून आलेल्या या कमी पाणी पिणाऱ्या प्राण्याच्या प्रत्येक जेवणात दोन-तीन चमचे पाणी मिसळा. शांत कुत्रा विनाकारण चावत सुटला, जबडा लोंबतोय, गिळता येत नाही, तर पिसाळल्याचा संशय धरा: जवळ जाऊ नका, कोणाला चावलं असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखान्यात लस घ्या. कुत्र्या-मांजराला पहिली रेबीजची लस तीन महिन्यांची असताना, पुढे दरवर्षी. कुत्र्याला लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) लसही पावसाळ्याआधी.