ब्रूगेलची जत्रा बघताना या चुका टाळा

चित्रकार पीटर ब्रूगेल (थोरला) याने १५५९ साली, आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्पजवळच्या होबोकेन गावची जत्रा शाईने काढली. मूळ चित्र लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत आहे. कागद जेमतेम २६.५ बाय ३९.४ सेंटिमीटरचा, म्हणजे ए-थ्रीपेक्षाही लहान. त्यात सगळं गाव मावलंय: चर्चकडे निघालेली मिरवणूक, फेर धरून नाचणारे, तिरंदाजीचा नेम धरणारे, गुत्त्यावर फडकणारा झेंडा. आणि आपण मोबाइलवर दोन सेकंद बघून म्हणतो, ‘किती गिचमिड!’

चूक इथेच होते. जत्रा कुणी एका नजरेत बघतं का? चित्र मोठं करून छापून घ्या. एका पुठ्ठ्याला काडेपेटीएवढी खिडकी कापा आणि ती चित्रावरून हळूहळू सरकवा. मी असंच केलं, तेव्हा कुठे मला माणसं सुटी दिसायला लागली. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडाच्या चित्रांतली गर्दी ज्यांनी कोपऱ्या-कोपऱ्याने वाचली आहे, त्यांना ही सवय असतेच.

चेहरे शोधत बसू नका. एवढ्या लहान आकृतीत चेहरा म्हणजे दोन-तीन ठिपके. माणूस ओळखायचा तो पाठीच्या बाकावरून, गुडघ्यावरून, हात कसा ओढला जातोय त्यावरून. रेघा तुटक आहेत म्हणून चित्र अर्धवट राहिलंय असंही समजू नका. जिथे ऊन आहे तिथे ब्रूगेलने कागद मोकळा सोडलाय.

तपकिरी रंगाचंही तसंच. त्या काळी सर्रास वापरली जाणारी लोह-मायफळाची शाई (लोहाचा क्षार आणि मायफळ, म्हणजे ओकच्या झाडावरच्या गाठी, यांपासून केलेली) मुळात काळपट असते आणि वर्षानुवर्षांनी तपकिरी पडते. त्यामुळे अशा जुन्या रेखाटनातला तपकिरीपणा चित्रकाराने ठरवून आणलेला असेलच असं नाही.

सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळीच, ती म्हणजे चित्रात उपदेश शोधण्याची. हे रेखाटन तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापण्यासाठी केलेलं होतं. फ्रान्स होगेनबर्ग या कोरीवकाराने कोरलेल्या छापाखाली डच ओळी आहेत: शेतकरी अशा सणांत नाचतात, उड्या मारतात, जनावरांसारखे पितात, उपाशी राहून थंडीने मेले तरी जत्रा सोडणार नाहीत. त्या ओळी वाचल्या की प्रत्येक माणूस दारूडाच दिसू लागतो! रेखाटनात त्या ओळी नाहीत. म्हणून इंटरनेटवर चित्र सापडलं की आधी खालची कड बघा. तिथे या डच ओळी असतील तर तो छाप आहे, ब्रूगेलच्या हातची रेघ नव्हे.

मग अगदी पुढे या. तिथे एक विदूषक दोन मुलांचे हात धरून आहे. पुठ्ठ्याची खिडकी पहिल्यांदा त्याच्यावर ठेवा.