बंबातला थर आणि जस्ताची खाण

कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी चुलत्यांनी विहीर पाडायला घेतली तेव्हा मी अकरावीत होते. सुरुंग उडाला की काळ्या दगडाचा ढीग वर यायचा आणि त्यात गारगोट्या चमकायच्या. पोकळी फुटली की आत टोकदार स्फटिक दाटीने उभे. पुढे बी.एस्सी.ला भूविज्ञान घेतलं तेव्हा त्यांचा उलगडा झाला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या वायूंच्या पोकळ्या राहिल्या, आणि मागाहून दगडातून फिरणाऱ्या गरम पाण्याने त्या क्वार्ट्‌झ, कॅल्साइट, झिओलाइट यांनी भरून टाकल्या.

आपल्याकडची मुलं मला हमखास विचारतात, "मॅडम, साताऱ्या-सांगलीत शिसं-जस्ताची खाणच नाही, मग हा विषय शिकायचा कसा?" मी त्यांना विहिरीवरचा ढीग दाखवते. चांदी, शिसं आणि जस्त यांचे साठे घडवणारं कामही पाण्याचंच आहे.

साध्या खडकात धातू किती असतो, हे आधी बघा. भूकवचात सरासरी एका टनात जस्त ७० ग्रॅमच्या आसपास, शिसं १५ ग्रॅमच्या आसपास, आणि चांदी तर ०.१ ग्रॅमहूनही कमी. खाण चालायची तर जस्त काही टक्के तरी हवं, म्हणजे शेकडो पटींनी गोळा झालेलं. विखुरलेले कण वेचून एका जागी आणणारा वाहक लागतो. खोलवरचं गरम, खारं पाणी तो वाहक. मिठातलं क्लोराइड शिशा-जस्ताला धरून ठेवतं, चांदीलाही. पाणी जितकं गरम आणि खारट, तितका जास्त धातू त्यात विरघळून राहतो.

मग तो खाली कशामुळे बसतो? एम.एस्सी. प्रवेशाच्या मुलाखतीत मला नेमकं हेच विचारलं. मी ठामपणे सांगितलं, "बंबात थर बसतो तसा, पाणी तापलं की." समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "मग इतक्या गरम पाण्यात तो आधी विरघळला कसा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रवेश त्या वर्षी हुकला, पण तो प्रश्न मला आयुष्यभर पुरला.

आमच्या बोअरच्या पाण्याने बंबात जो पांढरा थर बसतो तो चुनखडीचा, कॅल्शियम कार्बोनेटचा. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना सुटतो. शिशा-जस्ताची तऱ्हा उलटी. पाणी वर येताना निवलं, त्यात गोडं पाणी मिसळून क्लोराइड पातळ झालं, चुनखडकाशी गाठ पडून आम्लता कमी झाली, किंवा वाटेत हायड्रोजन सल्फाइड भेटला, की धातू गंधकाशी जोडी करून खाली बसतो. शिशाचं गॅलेना होतं, जस्ताचं स्फॅलेराइट. चांदी बहुधा गॅलेनाच्या स्फटिकात किंवा त्यातल्या बारीक कणांत दडलेली असते, म्हणून शिसं शुद्ध करताना ती हाती येते. नवख्यांनी खनिजांची यादी पाठ करण्याआधी ही चार कारणं पक्की करावीत. अर्धा विषय तिथेच सुटतो.

यावर विश्वास बसत नसेल तर कॅलिफोर्नियातल्या सॉल्टन सी या खाऱ्या सरोवराची गोष्ट ऐका. १९६० च्या दशकात तिथे भूगर्भातल्या उष्णतेसाठी खोल विहीर खणली. वर आलेल्या कढत खाऱ्या पाण्याने पाइपांतच थर धरला, आणि त्या थरात तांबं आणि चांदी निघाली. १९७९ मध्ये प्रशांत महासागराच्या तळाशी सुमारे ३५० अंशांच्या पाण्याचे काळे झोत सापडले. थंड समुद्राच्या पाण्यात शिरताच त्यातले धातू सल्फाइड होऊन बाहेर पडत होते.

पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला, आणि नंतर पहिली नोकरी उदयपूरजवळ झावरच्या जस्ताच्या खाणीत, कोअर लॉगिंगची, म्हणजे बोअर मारून काढलेल्या दगडी दांड्यांची नोंद ठेवायची. सकाळपासून पेट्यांतल्या दगडी दांड्यांवर वाकून भिंगाने बघायचं: डोलोमाइट (चुनखडकासारखा खडक) कुठे संपतो, खनिजाची शीर कुठून शिरते, तिच्या काठाने दगड कसा बदललाय. गॅलेना हातात घेतलं की वजनानेच ओळखू येतं, पाण्याच्या साडेसात पट जड. स्फॅलेराइट दगा देतं. लोह कमी असेल तर मधासारखं, जास्त असेल तर जवळजवळ काळं. झावरला जुन्या मातीच्या मुशींचे ढीगच्या ढीग पडलेत. जस्त ९०७ अंशांवर वाफ होऊन निसटतं, आणि ती वाफ खाली उतरवून थंड करायची युक्ती तिथल्या कारागिरांना शेकडो वर्षांपूर्वी साधली होती. सुटीच्या दिवशी मी त्या ढिगांपाशी जाऊन बसायची.

सगळ्यात जीव लावावा असं काम मात्र फ्लुइड इन्क्लुजनचं. स्फटिक वाढताना त्या प्राचीन पाण्याचा सूक्ष्म थेंब आत अडकतो. पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तापवला की थेंबातला बुडबुडा एका तापमानाला नाहीसा होतो. त्यावरून पाणी किमान किती गरम होतं ते कळतं, आणि गोठवून बघितलं की खारटपणा. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं पाणी डोळ्यांसमोर हलताना पहिल्यांदा बघितलं, तेव्हा मी बराच वेळ मान वर केली नव्हती.

तुम्हाला या वाटेने यायचं असेल तर बारावीचं रसायनशास्त्र हलकं घेऊ नका. विद्राव्यता आणि आम्लता इथे रोज लागतात. एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेशपरीक्षा, नंतर गेट ही परीक्षा किंवा यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा. दहापटीचं भिंग आत्ताच घ्या. आणि गावात विहीर किंवा दगडखाण चालू असेल, तर परवानगी काढून, सुरुंगाच्या वेळा टाळून ढिगावर जा. एक गारगोटी फोडा आणि भिंतीपासून मध्यापर्यंत कोणतं खनिज आधी बसलं, कोणतं नंतर, ते वहीत काढा. मला अशी पहिली आकृती जमायला तीन गारगोट्या लागल्या. ती वही अजून माझ्या टेबलावर आहे.