अंगणातली उंचावरची रेल्वे: १६ मीटरचा फेरा, पायापासून रुळापर्यंत

बागेतल्या मॉडेल रेल्वेचं निम्म्याहून जास्त काम गवंड्याचं आणि फॅब्रिकेटरचं असतं. इंजिनावर पैसे ओतून रूळ विटांच्या थरावर टेकवले, की पहिल्या पावसाळ्यानंतर गाडी प्रत्येक फेरीला एकाच जागी घसरते आणि बोल इंजिनाला लागतो. विटा खचलेल्या असतात, एवढंच.

रूळ उचलून ८० सेंमीवर नेण्याची कारणं साधी आहेत. पावसाच्या थेंबांनी उडणारा चिखल तिथवर पोचत नाही, कुत्रं मधूनच आडवं येत नाही आणि घसरलेला डबा उचलायला वाकावं लागत नाही. वाफेचं खरं इंजिन चालवणाऱ्यांना तर ही उंची हवीच. गॅस आणि पाणी भरताना गुडघ्यांवर बसायची हौस दोन दिवसांत फिटते.

आधी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ठरवा. बागेसाठी ४५ आणि ३२ मिमी ही दोन गेज सर्रास वापरतात. नेरळ-माथेरान करायची असेल तर ३२ घ्या. खरी लाइन दोन फुटी, म्हणजे ६१० मिमीची. १:१९ प्रमाणात ती ३२ मिमीवर चपखल बसते. बार्शी लाइट किंवा शकुंतला या जुन्या अडीच फुटी लाइनी, त्या ४५ मिमीवर १:१७ होतात. तयार माल मात्र ४५ मिमीत जास्त मिळतो आणि त्यातला बराचसा मीटरगेजचा, १:२२.५ प्रमाणातला असतो. खालचा सांगाडा दोन्ही गेजना चालतो.

फेरा असा धरू: रुळाच्या मध्यरेषेवर ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद, चारही कोपरे १.२ मीटर त्रिज्येचे. लांब बाजूला ३.६ मीटर सरळ, आखूड बाजूला ०.६ मीटर सरळ, एकूण जवळजवळ १६ मीटर. ६० सेंमी त्रिज्येची वळणंही विकत मिळतात, पण लांब डबे त्यांवर कडेला लोंबतात आणि चाकं रुळाला घासून इंजिनाची ताकद खातात. जागा निवडताना आंबा टाळा. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा खाली गळतो, रुळांवर त्याचा थर बसतो आणि चाकं जागच्या जागी फिरतात. नारळाखाली का नको, ते सांगायला नको.

काटकोन ३-४-५ च्या मापानं (त्या मापाच्या बाजूंचा त्रिकोण आखून) काढा, कोपऱ्यांचे कंस खुंटी आणि दोरीनं, आणि सगळ्या रेषेवर फक्की मारा. खांबांच्या जागा: प्रत्येक कोपऱ्याच्या कंसाचे तीन सारखे भाग, लांब बाजूचे १.२ मीटरचे तीन, आखूड बाजूचा एकच. सगळे मिळून २० खांब होतात.

खांबांना ४० × ४० मिमीचा लोखंडी चौकोनी पाइप घ्या. तो ६ मीटरच्या लांबीत येतो, एका लांबीत १२० सेंमीचे पाच तुकडे निघतात, म्हणजे चार लांब्या पुरतात. खड्डा ३० × ३० × ४५ सेंमी. तळाला ५ सेंमी काँक्रीट टाकून मग पाइप उभा करा, म्हणजे पाइपचं टोक मातीला लागत नाही. १:२:४ च्या मालाला (सिमेंट, वाळू, खडी) २० खड्ड्यांत मिळून सिमेंटच्या साधारण पाच-सहा गोण्या जातात. पाइप ओळंब्यात धरा आणि काँक्रीट जमिनीच्या वर ५ सेंमी येऊ द्या, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. पाइप नेहमी सडतो तो मातीच्या रेषेवरच, आणि पाणी तिथे थांबलं नाही तर गंजही थांबतो. सात दिवस पाणी मारा.

काळी माती असेल तर हे पुरणार नाही. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ खांब वर-खाली करते. खड्डा मुरूम लागेपर्यंत, निदान ६० सेंमी न्या आणि पाइप १३५ सेंमीचे घ्या. मग एका लांबीत चारच तुकडे बसतात, लांब्या पाच लागतील. कोकणात चिऱ्याचा गडगाच पायाला वापरता येतो, फक्त तो सिमेंटात बांधलेला हवा.

लेव्हल पाइप पुरताना साधायच्या भानगडीत पडू नका, ती नंतर कापून साधायची. सगळ्यात उंच जमिनीवरच्या खांबावर ७५ सेंमीची खूण करा आणि गवंडी वापरतात त्या पाण्याच्या ट्यूबनं ती उरलेल्या १९ खांबांवर न्या. ट्यूबमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकतं, म्हणून सुरुवातीला दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका पातळीत येतं का बघा. मग ग्राइंडरनं सगळे खांब खुणेवर कापा. बागेचा उतार ५ सेंमीपेक्षा जास्त असेल तर खालच्या बाजूचे पाइप तेवढे लांब घ्यायला हवेत. रुळाला चढ देऊ नका. माथेरानच्या घाटात १:२० चा चढ आहे म्हणून तो इथे आणला, तर मीटरमागे ५ सेंमी होतात आणि तीन-चार डब्यांनिशी इंजिन चाकं फिरवत उभं राहतं. अगदी द्यायचाच तर १:५० च्या पुढे नको.

खांबांवर २५ सेंमीचे आडवे तुकडे वेल्ड करा (४० मिमीची आणखी एक लांबी), त्यावर २५ मिमी चौकोनी पाइपच्या दोन समांतर ओळी, सहा लांब्या. रेड ऑक्साइडचे दोन हात, मग ऑइल पेंट. पाइपची उघडी तोंडं बंद करा, नाहीतर गांधीलमाश्या भाड्यानं येतात.

वर १८ मिमीचा सिमेंट बोर्ड. वॉटरप्रूफ प्लायही कापलेल्या कडेनं पाणी पितो आणि दोन-तीन पावसाळ्यांत थर सुटतात. ८ × ४ फुटी दोन शीटच्या ३० सेंमी रुंद आठ पट्ट्या काढा. चार पट्ट्या सरळ भागाला जातात. उरलेल्या चारांतून वळणाचे १२ तुकडे, प्रत्येकी तीन: बाहेरची कड ७० सेंमी, आतली ५४, दोन्ही टोकं १५ अंशांत तिरपी. पट्टीवर हे तुकडे उलटसुलट मांडून आखा. वळणाच्या तुकड्याच्या मध्यावर रूळ बोर्डाच्या मध्यापासून ४ सेंमी बाहेर सरकतो, म्हणून २० सेंमीची पट्टी घेऊन बचत करू नका. कापताना मास्क लावा. स्क्रूसाठी आधी भोक पाडा, नाहीतर कड तुटते. दोन बोर्डांत ३ मिमी फट आणि दर ३० सेंमीला १० मिमीचं भोक ठेवलं, की पाणी थांबत नाही.

फेऱ्याच्या आत जायला वाट लागतेच. ८० सेंमीखालून वाकून जाणं दोनदाच जमतं. एका लांब बाजूच्या मधल्या १.२ मीटरच्या खणात खालचे पाइप आणि बोर्ड लावू नका. तिथे ॲल्युमिनियमच्या चॅनलवर बोर्ड बसवून उचलता येणारा पूल करा. दोन्ही टोकांना दाराला लावतात ती टॉवर बोल्टची कडी आणि रुळांत २ मिमी फट. पूल काढलेला असताना गाडी आली तर थेट फरशीवर. त्यावर सोपा इलाज: कडी सुटी ठेवा आणि पुलाच्या अलीकडे-पलीकडे, रुळांच्या मधोमध, तिच्या जाडीचं भोक पाडा. पुलातून काढलेली कडी त्याच भोकात उभी करायची. गाडी तिला आपटून थांबते.

रूळ पितळी घ्या आणि ते बोर्डाला आवळू नका, कारण पितळ तापलं की वाढतं. दीड मीटरचा तुकडा ४० अंशांच्या फरकात १ मिमीहून थोडा जास्त लांबतो. डिसेंबरच्या सकाळी जोडत असाल तर प्रत्येक सांध्यात दीड मिमी फट ठेवा, मेच्या दुपारी असाल तर टोकं भिडवा. हे उलटं केलं तर उन्हात रूळ नागासारखा वळतो. दर ६० सेंमीला एक स्क्रू, स्लीपरमध्ये लांबट भोक पाडून, आणि घट्ट झाल्यावर एक आटा मागे. सांध्यांना नुसत्या सरकत्या पट्ट्या न लावता स्टेनलेस स्टीलचे क्लँप लावा. वळणाचे रूळ बेंडरमधून (रूळ वाकवायच्या अवजारातून) काढा, हातानं वाकवले तर टोकांशी सरळच राहतात आणि सांध्यावर कोन पडतो.

आता दर ३० सेंमीला छोटी स्पिरिट लेव्हल रुळांवर आडवी ठेवा. गाडी घसरते ती बहुधा वळणामुळे नाही, एक रूळ दुसऱ्यापेक्षा हळूहळू खाली गेल्यामुळे. बुडबुडा सरकला तिथे स्लीपरखाली प्लॅस्टिकची पातळ चकती सारा. इंजिन लावण्याआधी एक सुटा डबा हातानं ढकलून पूर्ण फेरा फिरवा.

वीज रुळांतून द्यावी की बॅटरीवर चालवावं? आपल्या हवेत बॅटरी आणि रिमोट. रुळांतून दिली तर काळवंडलेलं पितळ रोज पुसावं लागतं आणि पावसाळ्यात शेवाळ घासावं लागतं. लिथियमचा पॅक बीएमएससकट (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटसकट) घ्या आणि इंजिन उन्हात ठेवून जेवायला जाऊ नका. रुळांतूनच द्यायची असेल तर ट्रान्सफॉर्मर घरात आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच.

पावसाळ्यात रूळ तसेच राहू द्या, फक्त पूल आणि गाड्या आत घ्या. ऑक्टोबरमध्ये ब्रशनं शेवाळ काढा, क्लँप तपासा आणि रूळ बदलणारे काटे बसवले असतील तर त्यांत मुंग्यांनी माती भरली आहे का बघा. बहुतेक वेळा भरलेली असते.