स्किनखाली बर्फाचे गोळे धरू नयेत म्हणून

एप्रिल-मेमध्ये आल्प्सवर स्की टूरिंग (स्की घालूनच डोंगर चढणं-उतरणं) करताना उन्हातल्या ओल्या बर्फातून सावलीतल्या थंड, भुसभुशीत बर्फात शिरलं, की स्किनला, म्हणजे चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीखाली गोंदाने चिकटवलेल्या केसाळ पट्टीला, गोळे चिकटतात. पाय उचलवत नाही.

१. आदल्या रात्री, स्किन पूर्ण कोरडी असताना, स्किन वॅक्सची (स्किनवर लावायच्या मेणाची) वडी पुढच्या टोकाकडून मागे, केसांच्या दिशेनेच दाबून घासा. बुटाखालच्या भागात दोनदा.

२. वडी खिशात ठेवा, सॅकच्या तळाशी नको. गोळे धरलेच, तर दुसऱ्या स्कीच्या कडेने खरवडा, पाणी निपटून काढा आणि पुन्हा घासा.

वडी नसेल तर साधी मेणबत्तीही वेळ निभावून नेते. मात्र गोंदाच्या बाजूला मेण अजिबात लागू देऊ नका, चढावर स्किन सुटेल.